सोमवारचे फोन

को मिंग-थांग आमच्या संघाच्या कचेरीत आला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. मी नुकतीच येऊन बसले होते, न्याहारीचा पुडा अजून सोडायचा होता. तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला. शर्ट इस्त्रीचा, भांग नीट पाडलेला. फक्त एका पायात तपकिरी बूट होता आणि दुसऱ्यात काळा.

"शुएबाई, सभासदत्व सोडायचं झालं तर कुठला फॉर्म भरायचा?"

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला. पाणी दिलं, प्यायला. मग पुन्हा म्हणाला, "फॉर्म."

बातमी मला कळलेली होती. काओश्युंग बंदरात ती न कळलेला माणूस त्या आठवड्यात सापडला नसता. आमच्या धक्क्यावरून सुटलेल्या एका मालवाहू जहाजाला तिसऱ्या दिवशी, जकार्ताच्या वाटेवर, आग लागली होती. डेकवरचा एक कंटेनर उन्हाने तापून फुटला, आजूबाजूचे अकरा जळाले आणि धुरात गुदमरून एक खलाशी गेला. त्या कंटेनरच्या कागदांवर लिहिलं होतं, चुन्याची पूड. आत निघाली पोहण्याच्या तलावात टाकतात ती क्लोरीनची भुकटी. ती जास्त तापली की आपली आपण पेटते. माल तैनानजवळच्या एका कारखान्याचा होता. कागद करून जहाजावर जागा घेतली होती ती को मिंग-थांगने.

कोचा धंदाच तो. जहाज त्याचं नाही, ट्रक त्याचा नाही, माल तर नाहीच. ज्याचा माल आहे त्याच्या दारातून उचलून समुद्रापलीकडे ज्याला हवा आहे त्याच्या दारात पोचवायची सगळी जुळवाजुळव तो करतो. असल्या माणसाला फॉरवर्डर म्हणतात. एक टेबल, दोन फोन आणि बंदरातली ओळख एवढ्यावर संसार. अशा एकशे साठ कचेऱ्यांचा आमचा संघ आहे, आणि मी तिथे एकोणीस वर्षं कारकून आहे.

"फॉर्म संपलेत," मी खोटं बोलले. "छापून येतील तेव्हा सांगते."

"कोऱ्या कागदावर लिहून दिलं तर?"

तेवढ्यात संघाचे सचिव थू साहेब आतल्या खोलीतून बाहेर आले. डॉक्टरांनी सुपारी बंद केल्यापासून ते दिवसभर आल्याच्या गोळ्या चघळतात आणि त्यामुळे चिडलेले असतात. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं.

"राजीनामा देतोस? दे. आणि आगीच्या चौकशीला कुणाला घेऊन जाणार? बायकोला?"

"एकटा जाईन."

"एकटा गेलास तर ते विचारतील त्या प्रत्येक गोष्टीला तू हो म्हणशील. आत्ता कुणी विचारलं, समुद्राला आग तूच लावलीस का, तरी हो म्हणशील."

"लावलीच आहे," को म्हणाला. घड्याळ बघून किती वाजले ते सांगावं तसं. "पेपरात संघाचं नाव येईल. चांगल्या लोकांना त्रास नको. म्हणून आलो."

"रात्री झोप लागते का तुला?"

"लागते. जेवतोही. सगळं व्यवस्थित चाललंय."

थू साहेबांनी खाली त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सतरा वर्षं सभासद आहेस," ते म्हणाले. "सतरा वर्षांत संघाकडून काय घेतलंस? वर्षअखेरच्या जेवणातला वाफवलेला मासा. तोही शेपटीकडचा, कारण तू नेहमी उशिरा येतोस. आता पहिल्यांदा कामाचं काही घे. त्या मालाचे सगळे कागद घेऊन ये."

कागद तो नाही, त्याची बायको पाओ-चू घेऊन आली. दोघं मिळूनच कचेरी चालवतात. फायली तिने हिरव्या सुतळीने बांधल्या होत्या. मी त्या सोडत असताना तिने हळूच सांगितलं, "बाई, माणूस घरात असून नसल्यासारखा आहे. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तर 'बरोबर आहे' म्हणतो. परवा मी घातलंच नव्हतं."

"रडला का?"

"नाही. मीच रडले. तर मला रुमाल आणून दिला आणि टीव्ही लावून बसला."

दोन दिवस आम्ही ते कागद लावत बसलो. कारखान्याच्या मालकाने सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं होतं, चुन्याची पूड. कोने दोनदा विचारलं होतं की मालाचा रासायनिक तपशील द्या. दुसऱ्यांदा त्यांनी एक पान पाठवलं. ते चुन्याचंच होतं, दुसऱ्याच कुणाच्या मालाचं. वरचं नाव बदललेलं. बारकाईने पाहिलं तर नावाच्या अक्षरांचं वळण खालच्या अक्षरांपेक्षा वेगळं दिसत होतं. पण असं बारकाईने कोण पाहतं? रोज पन्नास पानं येतात.

संघाचे वकील आले. त्यांनी कोच्या पावतीचं पान उलटं करून मागची बारीक छपाई दाखवली. मालाबद्दल खरं सांगण्याची जबाबदारी माल देणाऱ्याची, असं तिथे सातव्या कलमात होतं. या अटी संघाने पंधरा वर्षांपूर्वी सगळ्या सभासदांसाठी एकसारख्या करून घेतल्या होत्या. त्यांची मुद्रितं मी तपासली होती.

"हे वाचलं होतंत का कधी?" वकिलांनी विचारलं.

"नाही," को म्हणाला. "मागच्या बाजूला असतं ते."

"हेच तुम्हाला वाचवणार आहे. आणि तुम्ही दोनदा विचारलंत ते."

"तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं," को म्हणाला. आवाजात काहीच नव्हतं. वकील पुढच्या कागदाकडे वळले.

शुक्रवारी दुपारी थू साहेबांनी सभासदांची बैठक बोलावली. चाळीसेक जण आले. एरवी जेवण नसलं की बारा जणांच्या वर कुणी फिरकत नाही. को शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. लोक त्याच्याजवळ जात होते, खांद्यावर हात ठेवत होते, तो प्रत्येकाला "आभारी आहे" म्हणत होता.

थू साहेबांनी उभं राहून एवढंच विचारलं, "या कारखान्याचा माल आणखी कुणाकडे आला होता का? चौकशीत उपयोगी पडेल. भीतीचं कारण नाही."

मग दुसऱ्या रांगेतून चुआंगताईंनी हात वर केला. चुआंगताई साठीच्या, बंदरातल्या सगळ्यात तिखट बाई. ट्रकवाले त्यांचा फोन आला की उभे राहून बोलतात असं म्हणतात.

"माझ्याकडे आले होते," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीत. मी तपशील मागितला, तर म्हणाले देतो. दिला तो बनावट वाटला. मी म्हटलं, कारखान्यात येऊन पोती बघते. त्यानंतर फोन उचलेनात."

"माझ्याकडे मार्चमध्ये," मागून एक जण म्हणाला. "मी त्यांना ओळखत नव्हतो म्हणून नाही म्हटलं."

आणखी दोन हात वर आले. म्हणजे चौघे. चौघांनी तो माल नाकारला होता. चार दारं फिरून तो पाचव्या दारात आला होता, आणि पाचवं दार कोचं होतं.

को उठून उभा राहिला. मला वाटलं आता ओरडेल. मला खरं तर तसं हवं होतं.

"ताई, मला का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं. रस्ता विचारावा इतक्या साध्या सुरात.

चुआंगताईंनी मान खाली घातली. मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहत होते. "तुझं-माझं एकाच रस्त्यावर दुकान," त्या म्हणाल्या. "गेलेलं गिऱ्हाईक कुठे गेलं ते आपण कधी सांगतो का एकमेकांना? मला वाटलं, ब्याद गेली. कुणाच्या दारात गेली हा विचार नाही केला. खोटं कशाला बोलू, नाही केला."

मग मला बोलावं लागलं. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत होते. पेन खाली ठेवलं.

"चुआंगताईंनी फेब्रुवारीत मला फोन केला होता," मी म्हटलं. "विचारलं होतं, की असल्या गिऱ्हाइकांची नोंद संघ ठेवतो का. मी म्हटलं, आपल्याकडे तशी वही नाही. चांद्र वर्षाच्या आरंभीच्या जेवणाची तयारी चालली होती. घाईत होते. मी फोन ठेवला."

थू साहेबांनी गोळीचा डबा उघडला आणि न घेताच बंद केला. को म्हणाला, "बरं," आणि खाली बसला.

त्या संध्याकाळी मी बसने घरी जाताना दोन थांबे पुढे गेले. उतरून चालत मागे आले. पाय चालत होते, मी त्यांच्या मागोमाग. घरी बहिणीने विचारलं काय झालं, तर मी म्हटलं काही नाही. मला खरोखरच काही होत नव्हतं. को 'सगळं व्यवस्थित चाललंय' म्हणतो ते काय, हे मला त्या दिवशी कळलं.

चौकशी ऑगस्टमध्ये झाली. थू साहेब, वकील आणि ते चौघे असे सगळे कोबरोबर गेले. चुआंगताईंनी साक्षीला जाताना मुलीच्या लग्नातला कोट घातला होता. संघातर्फे थू साहेबांनी सांगितलं की या धंद्यात माल तपासायची रीत काय आहे, फॉरवर्डरला कंटेनर उघडायचा हक्क कुठवर आहे, आणि कोने रीतीपेक्षा एकदा जास्तच विचारलं होतं. निकाल तासाभरात लागला. कोचा दोष नाही. कारखान्याच्या मालकावर खटला भरला गेला आणि पुढे त्याला शिक्षाही झाली.

बाहेर आल्यावर थू साहेबांनी कोची पाठ थोपटली. "सुटलास! आता काय वाटतं?"

प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं म्हणून को आत कुठेतरी शोधत होता असं मला वाटलं. "पाऊस येईलसं वाटतं," तो म्हणाला. आभाळ खरंच भरून आलं होतं. थू साहेब त्याला माशाची पेज खायला घेऊन गेले. त्याने वाडगा संपवला आणि आभार मानले.

पण तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. पुढच्या बैठकीत ठराव झाला की कुणी एखादा माल नाकारला तर त्याने संघाला कळवायचं आणि संघाने सगळ्यांना कळवायचं. वकील म्हणाले, जपून. कुणाला चोर म्हणायचं नाही, अमक्याचा माल घेऊ नका असंही म्हणायचं नाही. फक्त एवढंच: अमुक मालाचे कागद मागितले होते, ते मिळाले नाहीत. ज्याने त्याने काय ते ठरवावं. दोन सभासद रागावून संघ सोडून गेले. आमची गिऱ्हाइकं तुम्ही जगजाहीर करणार का, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं.

मी म्हटलं, पत्रक काढून सगळ्यांना पाठवून देते. को त्या बैठकीत पहिल्यांदा आपणहून बोलला.

"पत्रक कोण वाचतं?" तो म्हणाला. "पावतीच्या मागच्या बाजूसारखंच ते. मी फोन करतो."

"एकशे अठ्ठावन्न जणांना?" मी विचारलं.

"सोमवारी माझ्याकडे काम कमी असतं."

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी तो संघात येऊन माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि यादी समोर ठेवून फोन लावायचा. "नमस्कार, संघातून को बोलतोय. या आठवड्यात एका मालाचे कागद मिळाले नाहीत. लिहून घ्या." मग दुसरा. मग तिसरा. कुणी थट्टा करायचं, "को साहेब, आता रेडिओवर बातम्या द्यायला लागलात की काय!" तर तो म्हणायचा, "लिहून घेतलंत का?" कुणी घाईत असलं तर थांबायचा. फोन ठेवायचा नाही. दुपारी एकपर्यंत घसा बसायचा. मी चहा द्यायची, तो प्यायचा. सहा महिने मी त्याला हसताना पाहिलं नाही, चिडतानाही नाही.

दरम्यान त्याने मला एक काम सांगितलं. मेलेल्या खलाशाचं घर कुठे आहे ते शोधून द्या. खलाशी फिलिपिन्सचा, नाव क्रिसांतो विल्यारुझ, वय चौतीस. जहाजाची कंपनी पत्ता देईना. मग मी मनिलाच्या फॉरवर्डर संघाला लिहिलं. आमचे जुने संबंध आहेत, दर दोन वर्षांनी त्यांची माणसं येतात. तिथल्या बाईंनी आठ दिवसांत पत्ता काढला, ते घर ज्या बेटावर होतं तिथे त्यांचाच एक सभासद होता, तो न्यायला येईल असंही कळवलं. वकील म्हणाले, जायची गरज नाही. को म्हणाला, माहीत आहे. आणि जानेवारीत एकटाच जाऊन आला.

परत आल्यावरच्या सोमवारी, फोन सुरू करायच्या आधी, त्याने मला सांगितलं.

"आई असते. आणि एक बहीण. घरासमोर जाळी वाळत घातली होती. आईने विचारलं, तुम्ही जहाजावरचे का? मी म्हटलं, नाही, मी मालाचे कागद केले होते. मनिलाच्या संघाचा जो सभासद माझ्याबरोबर आला होता त्याने त्यांच्या भाषेत सांगितलं. तिला काही कळलं नाही. म्हणाली, कागद? मी म्हटलं, हो, कागद. मग तिने भात वाढला."

"जेवलात?"

"जेवलो. तिने बाजूला बसून वारा घातला. माशा फार होत्या. मी अननसाच्या वड्या नेल्या होत्या, त्या तिने त्याच्या फोटोपुढे ठेवल्या."

"माफी मागितलीत?"

"मागितली. त्या माणसाने ती सांगितली की नाही, कोण जाणे. काही तरी लांबलचक बोलला तो. तिने माझा हात हातात घेतला." त्याने आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. "तेव्हाही काही वाटलं नाही, शुएबाई. मला वाटलं होतं तिथे तरी वाटेल."

मग त्याने यादी पुढे ओढली आणि पहिला नंबर फिरवला.

त्याच वर्षी जूनमध्ये चुआंगताईंचा फोन आला. त्यांच्या एका नव्या गिऱ्हाइकाचे कागद धड नव्हते, वजन आणि माल यांचा मेळ बसत नव्हता. त्याने कंटेनर उघडू द्यायला आधी नाही, मग शिव्या घालत हो म्हटलं. "कोला घेऊन ये," ताई मला म्हणाल्या. "आणि तूही ये, नोंद करायला. मी एकटीने उघडणार नाही."

कंटेनर यार्डात दुपारचे दोन वाजले होते. डांबर बुटांच्या तळाला चिकटत होतं. गिऱ्हाईक छत्रीखाली उभं राहून फोनवर कुणाला तरी सांगत होतं की या बाईमुळे माझं जहाज चुकणार. यार्डातल्या माणसाने सील तोडलं, दांडे फिरवले, दारं उघडली. आत प्लास्टिकची स्टुलं होती. लाल, एकात एक घातलेली, छतापर्यंत. को आत शिरला. पुढच्या दोन रांगा काढायला लावल्या, मागचं पाहिलं. मागेही स्टुलंच. त्याने एकेक पोकळीत हात घालून पाहिलं. बाहेर आला तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता.

"स्टुलंच आहेत," तो म्हणाला. "वजन कारकुनाने चुकीचं लिहिलं असणार."

गिऱ्हाइकाने मग जे तोंड सोडलं ते विचारू नका. कोने वाकून माफी मागितली. चुआंगताई मात्र पुढे झाल्या. "ओरडा, ओरडा. पुढचा माल दुसरीकडे न्या हवं तर. पण तिथेही उघडायला लावतील, कारण सोमवारी हा माणूस सगळ्या बंदराला फोन करतो."

गिऱ्हाईक गाडीत बसून निघून गेलं. यार्डातली माणसं स्टुलं परत भरू लागली. एक स्टूल बाहेर राहिलं होतं, को त्याच्यावर बसला. बराच वेळ तो उघड्या दारांकडे बघत होता. मग त्याने मनगटाने कपाळ पुसलं आणि गळ्याचं बटण सोडलं.

"केवढं उकडतंय," तो म्हणाला.

"जून आहे," चुआंगताई म्हणाल्या. "उकडणार नाही तर काय!"

"नाही, पण केवढं उकडतंय, ताई." आणि एकाएकी त्याचे खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय ते मला कळेना. त्यालाही कळत नसावं. चुआंगताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊन बर्फ घातलेलं कोहळ्याचं सरबत घेऊन आल्या. त्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"किती साखर घातलीय यात," तो म्हणाला, आणि नाक पुसून उरलेलं प्यायला.

गुरुवारी तो कंटेनर गेला. गिऱ्हाईकही गेलं, चुआंगताईंकडे परत आलं नाही. सोमवारी को नेहमीसारखा नऊला आला. मी यादी पाहिली, त्या आठवड्यात कुणीच काही कळवलं नव्हतं. मी म्हटलं, आज सुट्टी घ्या. त्याने मान हलवून नाही म्हटलं, खुर्ची ओढली आणि पहिला नंबर फिरवला. "नमस्कार, संघातून को बोलतोय. आज काही नाही." आणि मग दुसरा.